पिंपळखारचं जोतं

श्रावणात कधी पिंपळखारला गेलात, तर गावाच्या अलीकडे रस्त्याच्या उजव्या हाताला दोन खोल्यांची प्राथमिक शाळा लागते. पिवळ्या भिंती, वर सिमेंटचा स्लॅब, पुढे झेंड्याचा खांब, खिडक्यांवर फळं आणि प्राणी रंगवलेले. जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेसारखीच. पण दोन गोष्टी नवख्या माणसाला थांबवतात. एक म्हणजे शाळा रस्त्याला सरळ नाही. कोणीतरी खांद्याला धरून जरा वळवावी, तशी ती हातभर तिरपी उभी आहे. दुसरी गोष्ट तिच्या जोत्याची. हे जोतं चौकोनी चिऱ्यांचं नसून गोल गोल दगडांचं आहे. प्रत्येक दगडाच्या मधोमध एक भोक आहे, आणि त्या भोकांतून ज्वारीची हिरवीगार धाटं वर आलेली असतात. शाळेला चारी बाजूंनी ज्वारीचं कुंपण.

दगड कसले ते जुन्या माणसांना लगेच कळतं. ती जाती आहेत. एकावर एक ठेवलेली, जोडीजोडीनं.

मग कोणीतरी विचारतं, आणि शाळेच्या पायरीजवळ बसलेले सोमाजीबुवा हातातली काठी बाजूला ठेवतात. सोमाजीबुवांचं वय कोणी म्हणतं ऐंशी, कोणी नव्वद. त्यांना स्वतःला विचारलं तर ते शाळेच्या हजेरीपटात बघा म्हणतात. शाळा तपासायला आलेले अधिकारी असोत, नवे शिक्षक असोत की वाट चुकलेले मोटरसायकलवाले, ते सगळ्यांना आधी बसवून घेतात. उभ्या उभ्या ऐकणाऱ्याला ते एक अक्षर सांगत नाहीत.

हा सगळा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. विहिरीला पाणी लागलं तरी ते तोंडात धरवत नाही. माती काळी, आणि इतकी खोल की दोन पुरुष खणलं तरी खाली कातळ लागत नाही. या मुलखात दगड नाही. पोराला कुत्र्यावर भिरकवायला दगड हवा असेल तर ढेकळावर भागवावं लागतं. जुन्या काळी पिंपळखारात दगड म्हणाल तर देवळातला देव, घरोघरचा पाटा-वरवंटा आणि जातं. तेही उत्तरेच्या डोंगरातून बैलगाडीनं आणलेलं आणि सासूनं सुनेच्या हवाली केलेलं. घराच्या वाटण्या होत, शेताच्या होत, पण जात्यावरून जे भांडण पेटे ते दोन पिढ्या विझत नसे, असं सांगतात.

त्या काळी गावात शाळा आली. आली म्हणजे ओंकार मास्तर आले, एक पत्र्याची पेटी आणि एक काळा फळा घेऊन. दयाराम पाटलांनी गुरांच्या गोठ्याची एक बाजू रिकामी करून दिली. मुलं बाराखडी म्हणायला लागली की पलीकडून वासरं हंबरत, आणि वासरांचा आवाज मोठा असे. तरी दोन वर्षांत पट विसावर गेला. मग वरून कागद आला की शाळेला स्वतंत्र इमारत हवी आणि ती गावापासून शंभर पावलं दूर, मोकळ्या जागी हवी.

इथेच गावाची चूक झाली. पांढरी माती राहायची आणि काळी माती पेरायची, हे त्या भागातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. गाव वसतं ते पांढरीवर. काळी उन्हाळ्यात भेगाळते, माणसाचा पाय गुडघ्यापर्यंत आत जाईल एवढी. पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते आणि वर जे असेल ते उचलून टाकते. पण कागदावर शंभर पावलं लिहिलेली होती. गावानं कधी कागद मोडला नव्हता, कारण गावाला कधी कागद आलाच नव्हता. पाटलांनी शंभर पावलं मोजली आणि ती बरोब्बर आपल्या शेताच्या बांधापलीकडे, काळीत जाऊन पडली. तिथेच मातीच्या भिंती उभ्या राहिल्या.

पहिल्या वर्षी शाळा आषाढात पडली. दुसऱ्या वर्षी भिंती दुप्पट जाड केल्या, तर त्या पोळ्याच्या दिवशी बैलांची मिरवणूक बघत बघत बसल्या. सुदैवानं दोन्ही वेळा सुट्टी होती. मग पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी शाळा तपासणारे साहेब आले. पडलेल्या ढिगाऱ्याभोवती एक फेरी मारून त्यांनी शांतपणे सांगितलं, की तिसऱ्यांदा बांधून पाहा, येत्या दसऱ्याला मी परत येईन, तोवर शाळा उभी असली तर ती तुमची. नसली तर मास्तर आणि फळा दोन्ही नाल्यापलीकडे बाभूळधानोरीला जातील. तिथे दगडी वाडा आहे.

नाला चार महिने भरलेला असे. मुलगे पोहून गेले असते, निदान पोहायच्या निमित्तानं तरी गेले असते. मुलींना त्या पाण्यातून कोणी पाठवलं नसतं. अर्थात हा प्रश्न साऱ्या गावाला पडला नव्हता. शाळेत मुलगी होती एकच, कवतिकामायची नात वच्छी.

कवतिकामाय दळणं दळून पोट भरायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक बाळंतपणात गेलेली आणि तिची ही सात वर्षांची पोर पदरात. गावातल्या आठ घरांचं दळण तिच्याकडे. कोणाचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली उतरलेला दिसला की ती बाई दळणकरीण समजावी. कवतिकामायचा चांगला चार बोटं उतरला होता. वच्छी तिच्यासमोर बसून जात्याच्या तोंडात मूठमूठ ज्वारी टाकायची. अजून दोन वर्षांनी तिनं खुंट्याला हात घालायचा आणि मग जन्मभर काढायचा नाही, असं ठरलेलंच होतं. कोणी बसून ठरवलं नव्हतं. ते तसंच असतं, इतकंच.

मास्तरांनी वच्छीला शाळेत घेतलं आणि या घरात एक गंमत झाली. पहाटे दळताना बाया ओव्या म्हणतात. वच्छीला ओव्या येत नव्हत्या, तिला शाळेतले पाढे येत होते. ती मूठ टाकता टाकता बे एके बे म्हणू लागली. जात्याच्या एका फेऱ्याला एक ओळ चपखल बसायची. महिनाभरात कवतिकामाय बेच्या पाढ्यावर दळायला लागली, दिवाळीपर्यंत सातच्या. शेजारच्या घरांतल्या बायांनी आधी हसून घेतलं, मग त्याही म्हणू लागल्या. असं सांगतात, की त्या साली पिंपळखारच्या पुरुषांना शंभराच्या आत हिशेब चुकवायची सोय राहिली नाही, कारण बायका चुलीपुढूनच आकडा दुरुस्त करायच्या.

साहेब सांगून गेले त्या दिवशी वच्छी जेवली नाही.  दुसऱ्या दिवशी कवतिकामाय मरीमायच्या ओट्यापाशी गेली आणि हात जोडून म्हणाली, "शाया उभी रायली तं माया घरात पुन्हा जातं लागनार नाई." दळणकरणीनं असा नवस बोलणं म्हणजे भाकरीवर पाणी सोडणं. तो नवस तिथे झाडलोट करणाऱ्या बाईनं ऐकला आणि दुपारपर्यंत गावभर झाला. लोक म्हणाले, म्हातारी भ्रमिष्ट झाली.

शाळा टिकायची तर दगडाचं जोतं हवं, एवढं आता सगळ्यांना कळलं होतं. दगड डोंगरात. डोंगर वीस कोस. आणि त्या उन्हाळ्यात गावच्या बैलांना लाळ-खुरकूत झालेली. उभ्या गावात गाडी ओढील अशी एक जोडी नव्हती. मिरगाचा पाऊस आठ दिवसांवर आला तरी पाटलांच्या ओसरीवर बैठक चालूच होती. बैठकीत सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं, की काहीतरी केलं पाहिजे.

नवव्या की दहाव्या बैठकीला कवतिकामाय ओसरीच्या खाली येऊन उभी राहिली. दगड गावातच आहेत, घरटी दोन, असं ती म्हणाली. क्षणभर कोणाला उमगलं नाही, आणि उमगलं तेव्हा ओसरी खवळली. जात्याशिवाय खायचं काय, लग्नाची हळद दळायची कशावर, असे प्रश्न सगळीकडून आले. दयाराम पाटील माणूस चांगला, पण देवभोळा. ते म्हणाले, "जातं म्हंजे घरची लक्ष्मी हाय, कवतिकामाय. तिले कोनी मातीत गाडते काय?"

"गाडून नाई रायली, पाटील, बसवून रायली," ती म्हणाली. "इतके दिवस इनं आपल्याले खाऊ घातलं. आता लेकरायले सावली देईन."

बैठकीनं ते ऐकून घेतलं आणि पुढची बैठक परवा ठेवली.

त्यानंतरची पहाट पिंपळखार अजून विसरलेलं नाही. त्या गावाला कोंबडा जागा करत नसे, जाती करत. घराघरातून घरघर उठली की पुरुष कूस बदलत, घरघर मंदावली की उठत. त्या दिवशी घरघर उठलीच नाही. म्हणून पाटील उठले नाहीत, गुराखी उठला नाही, पुजारी उठला नाही. म्हणे सगळ्या गावच्या पुरुषांना जाग आली ती उन्हं पायांवर चढल्यावर, आणि उठून पाहतात तो घरात बाई नाही आणि जात्याचा वरचा दगडही नाही. खालचा तेवढा जमिनीत बसवलेला, उघडा.

बाया शाळेच्या वाटेवर होत्या. कवतिकामाय सर्वांत पुढे. तिनं आपल्या जात्याचा वरचा दगड उभा करून चाकासारखा लोटत आणला होता, भोकात मुसळ घालून, एका टोकाला ती आणि दुसऱ्या टोकाला वच्छी. मागे बाकीच्या बाया, सगळे मिळून सहासष्ट उंबऱ्यांचे सहासष्ट दगड. काळीतल्या भेगांमध्ये दगड अडकत, म्हणून भेगांवर कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या आडव्या टाकून वाट केलेली. कोणी ओरडत नव्हतं, कोणी गात नव्हतं. पाटलीणबाईही त्यांत होत्या. डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला, हात मातीनं भरलेले. पाटलांनी त्यांना पाहिलं आणि ते परत फिरले. घरी जाऊन त्यांनी पहार घेतली आणि आपल्या जात्याचा खालचा दगड उकरायला बसले. वरचा गेल्यावर खालच्याचा उपयोग तरी काय होता. संध्याकाळपर्यंत गावातले सगळे खालचे दगड जोडीला जाऊन मिळाले.

आता बुढन मिस्त्री. हा बाभूळधानोरीचा गवंडी, हातात कसब असलेला आणि ते आहे हे जाणून असलेला. त्यानं दगड पाहिले, तो हसला आणि म्हणाला की हे सगळे शेजारी शेजारी, सांधे चुकवून लावतो. बायांनी साफ नकार दिला. जात्याची जोडी मोडायची नाही. ज्याचा वरचा त्याच्याच खालच्यावर. दुसरं, दगडाचं तोंड बुजवायचं नाही. भिंत आतल्या अंगाला घ्यायची आणि तोंडं बाहेर उघडी ठेवायची. बुढन मिस्त्रीनं डोक्याला हात लावला. गोलावर गोल ठेवलं तर ते फिरेल, मग त्यावरची भिंत काय झोके घेईल का, असं त्यानं विचारलं. पण बाया ऐकेनात, आणि पुरुषांनी त्या दिवसांत बायांना काही सांगायचं सोडलं होतं. शेवटी मिस्त्रीनं बायांच्या मनासारखं जोतं घातलं आणि निघताना पाटलांना सांगितलं, की पडली तर माझं नाव घेऊ नका.

मिरग लागला. गावात पीठ नव्हतं. लाकडी उखळात ज्वारी कुटून कण्या करायच्या, शिजवायच्या आणि ताकाबरोबर खायच्या. सकाळी कण्या, संध्याकाळी कण्या. म्हाताऱ्यांचे दात दुखायला लागले. जावयांनी सासरी यायचं बंद केलं, एवढा एक फायदा झाला. कवतिकामायकडे आता दळण नाही, म्हणजे धान्यही नाही. बायांनी आपसांत वार लावून घेतले. रोज एका घरून एक वाडगा तिच्याकडे जाई. तो आणणारीनं उंबऱ्यात ठेवायचा आणि काही न बोलता निघायचं, म्हणजे तो दान वाटू नये. तरी तिला ते जड जायचं. आयुष्यात पहिल्यांदा तिचे हात रिकामे होते. ती रोज शाळेपाशी जाऊन बसायची आणि जोत्याच्या दगडांवर हात फिरवत राहायची. वच्छी आत पाढे म्हणत असे.

आषाढात झड लागली. झड म्हणजे थेंब न तुटणारा पाऊस. तीन दिवस सूर्य दिसला नाही. काळी पाणी पीत गेली आणि फुगत गेली. तिसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या सुमाराला, शाळेतच राहणारे ओंकार मास्तर कसल्याशा आवाजानं उठून बसले. घरघर. त्यांना आधी बरंच वाटलं. गावात पुन्हा दळण सुरू झालं, असं अर्धवट झोपेत त्यांच्या मनात आलं. मग गावात जातंच नाही, हे आठवलं आणि ते दार उघडून बाहेर धावले.

कवतिकामाय डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन जोत्यापाशी बसलेली होती. वच्छी तिला बिलगून. म्हातारीचा तळवा दगडावर होता. वरचा दगड खालच्यावर फिरत होता. अगदी हळू, तांदळाच्या दाण्याएवढा सरके, थांबे, पुन्हा सरके. जमीन खालून उचलत होती आणि शाळेची सहासष्ट जाती एका वेळी घरघरत होती. मास्तरांना वाटलं, आता सगळं संपलं.

कवतिकामायला काय वाटलं ते वेगळंच. जातं रिकामं फिरवू नये, असा त्या मुलखातला बायांचा नेम आहे. रिकामं जातं फिरलं की घराला उपास पडतो. ती चाळीस वर्षांत एक फेरा रिकामा दळली नव्हती. शाळा पडेल की राहील, हे तिच्या हातात नव्हतं. जातं उपाशी फिरतंय, हे मात्र तिला सोसवेना. ती गावाकडे तोंड करून ओरडली, "माय वो, रिकामं फिरून रायलं. जवारी घेऊन या."

आवाज गावापर्यंत पोचला की घरघर पोचली, कोण जाणे. बाया धावत आल्या. कोणाच्या ओच्यात ज्वारी, कोणाच्या सुपात, कोणाच्या नुसत्या मुठीत. खायला ठेवलेली, बियाण्याला ठेवलेली, जी हाताला लागली ती. प्रत्येकीनं आपलं जातं ओळखलं. वर पाऊस, खाली गुडघाभर चिखल, आणि शाळेला वेढा घालून बसलेल्या बाया एकेका तोंडात मूठमूठ ज्वारी टाकताहेत. वच्छीनं सवयीनं पाढा सुरू केला. बे एके बे. हळूहळू सगळ्या म्हणू लागल्या. तिसाच्या पाढ्यापर्यंत गेल्या असं काही लोक सांगतात, पण सोमाजीबुवा तेवढं मान्य करत नाहीत. बारापर्यंतच येत होतं, ते म्हणतात, म्हणून बारा संपले की पुन्हा बेपासून.

उन्हं आली तेव्हा आवाज थांबला होता. शाळा हातभर फिरली होती. एका कोपऱ्याला भेग पडली होती, चौकट वाकली होती. पण ती उभी होती. चिरेबंदी जोतं असतं तर जमिनीनं ते फोडलं असतं. हे फोडता आलं नाही, कारण हे फिरलं. बुढन मिस्त्री चार दिवसांनी बघायला आला. त्यानं चारी बाजूंनी पाहिलं, दोरी लावली, आणि मग बायांना विचारून गेला, की पुढे कोणाला असं जोतं घालायचं असेल तर मी त्याला माझं म्हणून सांगू का.

दसऱ्याला साहेब आले तेव्हा शाळा त्यांना लांबून दिसलीच नाही. तोंडातोंडातून उगवलेली ज्वारी छातीपर्यंत आली होती. ती बाजूला सारून ते दाराशी पोचले. त्यांनी फीत काढून मोजलं आणि इमारत आराखड्यापासून हातभर ढळली आहे, असं लिहिलं. खाली लिहिलं, उभी आहे. मग त्यांनी आत पाहिलं. गेल्या खेपेला एक मुलगी होती, या खेपेला बारा होत्या. ही कशी झाली जादू, असं त्यांनी मास्तरांना विचारलं. जादू कसली. घरात जातं नाही, तर पहाटे पोरींना जात्यापुढे बसवायला कारणच उरलं नव्हतं. मोकळ्या झालेल्या पोरी वच्छीच्या मागोमाग शाळेत येऊन बसल्या होत्या.

दिवाळीनंतर बैल बरे झाले, गाड्या डोंगराकडे गेल्या आणि नवी जाती आली. गावानं पहिलं जातं कवतिकामायच्या दारात उतरवलं. तिनं त्याला हळदकुंकू लावलं आणि गाडीवानाला ते पुढच्या घरी न्यायला सांगितलं. पाटील स्वतः समजवायला आले. नवस देवीनं ऐकला, आता तुझं पोट कसं भरायचं, असं त्यांनी विचारलं. कवतिकामाय म्हणाली, "नवस कराले ज्या तोंडानं गेली, त्याच तोंडानं मोडू काय?" मग गावानं शाळेच्या पाण्याचं काम तिला दिलं. गोडं पाणी अर्ध्या कोसावरच्या तळ्यातून आणावं लागे. मरेपर्यंत तिनं ते आणलं, दोन घागरी सकाळी, दोन दुपारी. नव्या जात्यांवर गावात पुन्हा दळण सुरू झालं, पण पोरी जात्यापुढे परत बसल्या नाहीत. त्यांना आता सकाळी शाळा होती.

त्याला किती वर्षं झाली, नक्की कोणी सांगत नाही. मातीच्या भिंती गेल्या, विटांच्या आल्या. कौलं गेली, पत्रा आला, मग स्लॅब. एकदा एक इंजिनिअर आला आणि त्यानं जोतं उखडून शाळा रस्त्याला सरळ करायची म्हटलं. गावानं त्याला कण्या खाऊ घातल्या आणि ही गोष्ट सांगितली. त्यानं नवा पाया आतून घेतला आणि शाळा तिरपीच ठेवली.

आजही जूनच्या शेवटी शाळा उघडते त्या दिवशी पिंपळखारात चक्की बंद असते. घरोघरी कण्या शिजतात. पहिलीत नाव घातलेलं मूल मुठीत ज्वारी घेऊन येतं, जोत्यातलं आपल्या घरचं जातं शोधतं आणि त्याच्या तोंडात मूठ सोडून बे एके बे म्हणतं. मगच आत जातं. पुढे पाऊस आपलं काम करतो.

आणि कवतिकामायचं जातं? ते दाराला लागून, पायरीच्या डाव्या हाताला आहे. तिच्या घराचं आता गावात कोणी नाही. वच्छी शिकली, लांबच्या तालुक्याला मास्तरीण झाली, तिकडेच राहिली. पण आजी गेल्यानंतरच्या जूनला ती आली होती, असं सांगतात. शाळेच्या दाराशी एक पोर मूठ मिटून उभं होतं. कापूस वेचायला डोंगरातून आलेल्या आणि मग इथेच राहिलेल्या माणसांचं पोर. ज्या डोंगरातून गावचे सगळे दगड आले तिथलंच, पण जोत्यात त्याचा एकही दगड नव्हता. कुठे घालू, म्हणून ते रडकुंडीला आलेलं. वच्छीनं त्याचा हात धरला आणि आजीच्या जात्यावर नेला. ज्याचं इथे घर नाही त्याचं हे, असं ती मास्तरांना सांगून गेली.

गोष्ट इथे संपते. ऐकणारे उठतात, जोत्याभोवती एक चक्कर मारतात, फोटो काढतात. बहुतेक तोंडांतून दोन-तीन धाटं आलेली असतात, काहींतून एकही नाही. ती घरं शहराकडे गेली. पायरीजवळच्या जात्यातून मात्र ज्वारी मावत नाही इतकी दाट उगवते. या साली पटावर तेवीस मुलं आहेत. त्यांतली चौदा वीटभट्टीची, कापसाच्या जिनिंगमधल्या मजुरांची, मेंढपाळांची. ती चौदा नसती तर ही शाळा कधीच बाभूळधानोरीला गेली असती.

जाता जाता कोणीतरी विचारतंच, बुवा, यातलं तुमचं जातं कोणतं. सोमाजीबुवा काठी उचलून पायरीच्या डाव्या हाताला टेकवतात.

त्या ज्वारीची कणसं कोणी खुडत नाही. दसऱ्यानंतर ती वाळली की सोमाजीबुवा ती मळून एका गाडग्यात भरतात आणि जूनपर्यंत सांभाळतात. बाहेरून आलेल्यांच्या घरी पेरायचं धान्य नसतं. शाळा उघडते त्या सकाळी ते गाडगं घेऊन दाराशी बसतात, आणि जे मूल रिकाम्या हातानं येईल त्याची मूठ त्यातून भरून देतात.